एकतीस पट्ट्यांची जागा

देवपूर, धुळे
१२ जानेवारी १९८८

ती. अभिमनभाऊ,
सविनय जयभीम.

तुम्ही निवृत्त झालात, आता तरी मावसबहिणीसाठी वेळ काढाल म्हणून हे पत्र. बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात बसून जगाच्या इमारतींचे नकाशे काढलेत आणि बहिणीची शाळा अजून पत्र्याच्या शेडमध्ये भरते. आता सबब चालणार नाही.

बातमी अशी, की शाळेला जागा मिळाली. शेडच्या मागे मगनआबांचं कपाशीचं वावर आहे. वावराच्या कडेचा बिनशेती तुकडा त्यांनी बक्षीसपत्र करून शाळेच्या नावे दिला. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "बाई, मनी नात तुमना वर्गमा शे. उन्हाळामा ती पत्राखाल शिजी जास, ते माले देखावत नही."

आता घाई कशाची ते ऐका. आमचे वर्ग सातवीपर्यंत. पुढे आठवीसाठी मुलींना हमरस्त्याच्या कडेने तीन किलोमीटर चालत जावं लागतं. मागच्या वर्षी नऊ जणी सातवी पास झाल्या, आठवीला दोघीच गेल्या. तिघींची लग्नं झाली, बाकीच्या निंदणीला जातात. मला त्या रस्त्यात भेटतात आणि मान खाली घालतात, जणू चूक त्यांचीच आहे. यंदा सातवीत अकरा आहेत. शिक्षण खातं जूनपासून आठवी काढू देतंय, पण नगरपालिकेने मंजूर केलेला इमारतीचा नकाशा तीस एप्रिलच्या आत दाखवायची अट आहे. नकाशा नाही तर आठवी नाही.

जागा मी स्वतः मोजली. शिपाई भिका आणि सहावीच्या मुली बरोबर घेतल्या आणि वर्गातल्या मीटरपट्टीने, पट्टीपुढे पट्टी ठेवत, चुन्याच्या खुणा करत मोजली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा तेच आलं. लांबी एकतीस मीटर, रुंदी एकवीस. कच्ची आकृती सोबत जोडली आहे. तीन वर्ग, एक कार्यालय, मुलींसाठी मोरी-संडास. सुंदर नको, मंजूर होईल असा नकाशा काढा.

वहिनींना जयभीम.
तुमची लिला

जळगाव
२० जानेवारी १९८८

प्रिय लिला,
जयभीम.

तुझी विनंतीसुद्धा हुकमासारखी असते. भडगावला गिरणेच्या वाळूत तू घर आखायचीस आणि मला दगड वाहायला लावायचीस, तेव्हापासून तेच चाललंय.

तुझी मीटरपट्टीची गोष्ट वाचून द्रौपदा आणि मी दोघंही हसलो. पण मोजमाप तू केलंस म्हणजे तपासण्यात अर्थ नाही. कामाला लागलो आहे. हद्दीपासून पुढेमागे तीन-तीन मीटर मोकळे सोडावे लागतात, त्याला सामासिक अंतर म्हणतात. एकतीसमधून ते गेले की पंचवीस उरतात. त्यात तीन वर्ग ऐसपैस बसतात, आणि कडेला मुख्याध्यापिकेची खोली. तुझ्या खोलीला मी दोन खिडक्या दिल्या आहेत. एकीतून मुलींवर लक्ष ठेव, दुसरीतून वारा घे.

निवृत्तीनंतर परवाना काढलाच होता, त्यामुळे सही माझीच चालेल. पंधरा दिवसांत सहा प्रती पाठवतो. बत्तीस वर्षांत माझा एकही नकाशा परत आलेला नाही, एवढं तुझ्या नगरपालिकेच्या ओव्हरसियरला सांगून ठेव.

अभिमन

देवपूर, धुळे
२४ फेब्रुवारी १९८८

ती. अभिमनभाऊ,
सविनय जयभीम.

तुमचा नकाशा परत आला.

नगरपालिकेतल्या ओव्हरसियरचं नाव रुपचंद. वय पस्तिशीचं, बोलणं हळू, हसणं माहीत नाही. त्याने नकाशा उलगडला, दहा मिनिटं बघितला, शिसपेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि म्हणाला, "बाई, तुमचा नकाशा सिटी सर्व्हेच्या उताऱ्याशी जुळत नाही. दुरुस्त करून आणा." मी म्हटलं, काय जुळत नाही? तर म्हणे, "ज्यांनी काढला त्यांना कळेल." एवढं बोलून त्याने पुढच्या माणसाचे कागद घेतले. तुमची बत्तीस वर्षं मी त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतली.

याला काही हवंय का, हे मला कळत नाही. आमच्या शाळा समितीतले म्हणतात, पाकीट दे. मी देणार नाही. अकरा मुलींची आठवी पाकिटातून सुरू केली तर नागरिकशास्त्र कुठल्या तोंडाने शिकवू?

तुम्ही एकदा नकाशा नीट बघा. आणि हो, हल्ली तुमच्या पत्रातल्या ओळी वर चढत जातात. इतक्या घाईत कशाला लिहिता? आता ऑफिसला तर जायचं नाही.

लिला

जळगाव
१ मार्च १९८८

प्रिय लिला,

घाईत काही लिहिलेलं नाही. ओळी सरळच आहेत.

नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढून पाठवतो आहे. त्या रुपचंदला काहीतरी हवं असणार, असल्या माणसांना मी चांगला ओळखतो. पाकीट देऊ नकोस हे बरोबर. रोज जाऊन त्याच्यासमोर बस, कंटाळून सही करेल.

बाकी क्षेम. द्रौपदा जयभीम सांगते.
अभिमन

देवपूर, धुळे
२१ मार्च १९८८

ती. अभिमनभाऊ,
सविनय जयभीम.

दुसरा नकाशाही तिथेच अडकला. फाईल रुपचंदच्या टेबलावर डाव्या बाजूला पडून आहे. मी शाळा सुटल्यावर रोज जाते. तो पाणी विचारतो, सही करत नाही.

शेवटी मीच उताऱ्याची नक्कल काढली. भाऊ, उताऱ्यावर लांबी २९.७५ आहे आणि रुंदी २०.१५. मी मोजली एकतीस आणि एकवीस, तुम्हीही तेच काढलंत. पन्नास चौरस मीटरचा फरक. माझ्या डोक्यात एकच आलं, की मगनआबांनी जागा दाखवली एक आणि बक्षीसपत्रात लिहून दिली कमी.

तशीच त्यांच्या वावरात गेले. ते पाणी भरत होते. मी म्हटलं, आबा, द्यायची नव्हती तर नव्हती द्यायची, पण दाखवायची एक आणि लिहायची एक, हे तुमच्याकडून वाटलं नव्हतं. आणखीही बोलले. मुलींच्या तोंडचा घास काढला, असंही बोलले. तुम्हाला माझं तोंड माहीत आहे.

त्यांनी फावडं बांधाला टेकवलं. माझ्याकडे बघितलं आणि घराकडे गेले. पाणी तसंच वाहत राहिलं, शेवटी मीच पाटाचं बारं मातीने बंद केलं.

त्यांची नात दुसऱ्या दिवशीही वर्गात आली. मला वाटलं होतं, येणार नाही. नऊ दिवस झाले, आबा शाळेवरून जातात आणि जयभीम घालत नाहीत. आधी ते स्वतःहून घालायचे.

चाळीस दिवस उरलेत. काय करू ते सांगा.
लिला

जळगाव
२७ मार्च १९८८

प्रिय लिला,
जयभीम.

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. एक तर मन होत नव्हतं आणि दुसरं, मला दिसत नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय. दिवाळीपासून चालढकल करतो आहे. तुझा पहिला नकाशा काढला तो भिंग धरून. तो परत आला तेव्हा मला खात्रीच झाली, की मी तुझे आकडे चुकीचे वाचले. पण बहिणीला कसं सांगू, की तुझ्या भावाला आता एक आणि नऊ सारखेच दिसतात? म्हणून रुपचंदवर ढकललं आणि तेच आकडे पुन्हा गिरवून पाठवले. तुझ्या ओळींच्या प्रश्नाचा राग आला, कारण तो खरा होता.

आता तुझ्या पत्रावरून कळलं, की एकतीस तूच लिहिलं होतंस. म्हणजे वाचण्यात चूक नव्हती. तरी मला बरं वाटत नाही. नकाशा परत आल्यावर आरेखक पहिला प्रश्न विचारतो, की जागा कशाने मोजली. तो मी तुला विचारला नाही, कारण त्यावरून गोष्ट माझ्या डोळ्यांपर्यंत आली असती. शाळेतली मीटरपट्टी, लिला. खात्यात एखाद्याने असं मोजून आणलं असतं तर मी कागद त्याच्या हातात परत दिला असता. तुझं मी हसून सोडून दिलं. माझ्या त्या एका गप्प बसण्यामुळे तू एका भल्या माणसाला नाही नाही ते बोलून बसलीस.

आता असं कर. त्या रुपचंदला हात जोड आणि सरकारी फीत घेऊन जागेवर ये म्हणून सांग. आला तर तो वाईट माणूस नाही.

ऑपरेशन अकरा एप्रिलला आहे. पुढे ढकलून तुझा नकाशा आधी काढू का, ते कळव.
अभिमन

देवपूर, धुळे
४ एप्रिल १९८८

ती. अभिमनभाऊ,
सविनय जयभीम.

ऑपरेशन ढकललंत तर मी जन्मात बोलणार नाही. पहिली गोष्ट ही.

दुसरी गोष्ट, रुपचंद आला. बोलावल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सायकलवर, फीत खांद्याला अडकवून. त्याने भिकाला टोक धरायला लावलं. लांबी २९.७५, रुंदी २०.१५. उतारा शब्दन् शब्द खरा. मग त्याने विचारलं, "बाई, तुम्ही कशाने मोजलं होतं?" मी ऐटीत वर्गातून पट्टी आणली. त्याने ती फितीशेजारी ठेवली.

भाऊ, आमची मीटरपट्टी शहाण्णव सेंटिमीटरची आहे.

तिच्यावरचे आकडे पाचपासून सुरू होतात. खालचे चार पुसले गेले असतील, असं मी नऊ वर्षं समजत होते. भिकाकडे बघितलं, तर तो पायाने माती उकरत होता. म्हणाला, "बाई, तिले वाळवी लागेल व्हती. मी टोक कापी टाकं. पट्टी फेकी देवाना जीव व्हयना नही." नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ वर्षं मी त्या पट्टीने मुलींची उंची मोजून दाखल्यांवर लिहिली. आमच्या शाळेतल्या मुली वयाच्या मानाने उंच असतात, असं मी तपासणी अधिकाऱ्यांना अभिमानाने सांगितलंय.

रुपचंद तेव्हा पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "बाई, मी फाईल वर पाठवली असती तर जागा जास्त दाखवली म्हणून साहेबांनी ती फेटाळली असती. पुन्हा अर्ज, पुन्हा छाननी, जून उलटला असता. म्हणून ठेवून घेतली. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही रोज माझ्याकडे चोर असल्यासारख्या बघायच्या. मग माझंही तोंड उघडेना." मी त्याची माफी मागितली. तिथल्या तिथे मागितली, म्हणून सोपी गेली.

मगनआबांकडे अजून गेले नाही. दोनदा निघाले, बांधापासून परत फिरले.

नकाशा मी काढते. तेवीस वर्षं भूमिती शिकवते आहे. तुम्ही फक्त सांगा.
लिला

जळगाव
८ एप्रिल १९८८

प्रिय लिला,
जयभीम.

आधी मगनआबा, मग नकाशा. ट्रेसिंग कागदावर चूक झाली तर शाई ब्लेडने खरवडता येते, आबांच्या दारात ब्लेड चालणार नाही. तेव्हा तिथे जे बोलायचं ते एकदाच आणि सरळ बोल.

आता नकाशा. जुन्यावर ट्रेसिंग ठेव आणि फक्त हद्द नवीन आख. रुंदीकडचं व्हरांड्यात सांभाळून घे. लांबीत सव्वा मीटर कमी पडतो, तो कुठून काढायचा हा खरा प्रश्न आहे. वर्ग लहान केलेस तर मुली दाटीने बसतील. मोरी-संडासाला हात लावू नकोस, मुली शाळा सोडतात त्याचं ते अर्धं कारण असतं. मी खूप विचार केला. उत्तर मला माहीत आहे, पण ते तू सांगावंस असं वाटतं.

शाईचा पेन उभा धर. आकडे लिहिताना श्वास रोख. झाला की जळगावला घेऊन ये, सही करीन.

अभिमन

देवपूर, धुळे
२९ एप्रिल १९८८

ती. अभिमनभाऊ,
सविनय जयभीम.

मंजुरी मिळाली. काल दुपारी. गोल शिक्का, निळी शाई, जावक क्रमांक, सगळं काही. आज सकाळी शिक्षण खात्यात नक्कल देऊन पोच घेतली. एक दिवस हातात ठेवून आठवी मिळाली.

परवा रात्री अंथरुणावर पडून मला सारखं आठवत होतं, की सही घ्यायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर डोळा बांधून बसला होतात आणि मला प्रत्येक माप मोठ्याने वाचायला लावलंत. बोटांवर बेरीज करत होतात. मधेच म्हणालात, "दुसऱ्या वर्गाचं दार कुठे गेलं?" आणि खरंच मी दार काढायला विसरले होते. एवढं डोळे मिटून ज्याला दिसतं त्या माणसाने दिवाळीपासून मला फसवावं, याचा राग अजून गेलेला नाही. वहिनींनी तुमचं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. मला रडू येत होतं.

सव्वा मीटर कुठून काढला ते तुम्ही ऐकलंच. तुमच्या दोन खिडक्यांपैकी एक गेली. माझ्या खोलीत आता टेबल मावेल, खुर्ची मावेल आणि मी श्वास रोखला तर मीही मावेन. सराव नकाशा काढतानाच झालाय.

मगनआबांकडे गेले होते, हे जळगावला सगळ्यांसमोर सांगता आलं नाही. पट्टी हातात घेऊनच गेले. त्यांनी घोंगडी टाकली, मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं आणि म्हटलं, आबा, मी तुम्हाला खोटं ठरवलं आणि खोटी माझी पट्टी होती. त्यांनी पट्टी हातात घेतली, कापलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाले, "मी देयेल जागा कधी मोजीच नही, बाई. मोजी ती तुम्हीन." भाऊ, तेव्हा जमिनीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांनीच आत हाक मारली, "बाईले चहा टाका."

पण शाळेवरून जाताना ते अजून आपणहून बोलत नाहीत. मी जयभीम घातला तर घालतात. माझी कमाई आहे, मी ती भोगते.

लिला

जळगाव
२२ मे १९८८

प्रिय लिला,
जयभीम.

हे पत्र जाड भिंगांच्या चष्म्यातून लिहितो आहे. ओळी बघ, पट्टी लावून बघ. तुझी लावू नकोस.

तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली, या वेळी स्वतःच्या डोळ्यांनी. द्रौपदाच्या केसांत इतकं पांढरं कधी झालं ते मला माहीतच नव्हतं. तिला तसं म्हणालो, तर म्हणाली, तुमचं ऑपरेशन उगाच केलं.

पार्सलने एक मीटरपट्टी पाठवतो आहे. सागवानी आहे, दोन्ही टोकांना पितळेची टोपणं ठोकून घेतली आहेत. वाळवीला दात असतील तर येऊ दे. भिकाच्या हातात करवत देऊ नकोस.

मगनआबांचं मनावर घेऊ नकोस. त्यांना वेळ दे.
अभिमन

देवपूर, धुळे
१६ जून १९८८

ती. अभिमनभाऊ,
सविनय जयभीम.

काल शाळा उघडली. आठवीच्या हजेरीत अकरा नावं लिहिली आणि अकराही जणी हजर होत्या. शिवाय मागच्या वर्षीची एक निंदणी सोडून आली आणि दारात उभी राहून विचारू लागली, "बाई, मी चालीन का?" म्हणजे बारा. वर्ग अजून पत्र्याखालीच आहे, पण पाया निम्म्यापर्यंत आलाय आणि मुली मधल्या सुट्टीत त्यात उतरून आपापल्या बसायच्या जागा ठरवतात.

दुपारी मगनआबा आले. जयभीम घातला, आधी त्यांनीच. म्हणाले, "बाई, तुमनी ती पट्टी आना. आज माले मोजनं शे." मी विचारलं, काय मोजायचं? तर ते पुढच्या हद्दीपाशी जाऊन उभे राहिले. मी जुनी पट्टी दिली. बारा जणी मोजायला वाकल्या आणि मोठ्याने आकडे म्हणू लागल्या. एकतिसावी पट्टी बरोबर वावराच्या हद्दीवरच्या जुन्या तारेच्या कुंपणाला जाऊन टेकली. आबा कपाळाला हात लावून हसले. म्हणाले, "हाई पट्टी ते माले देऊच देत नही. दुसरी आना."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. तुमची पितळी टोपणांची पट्टी आणली. मुलींनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. तीस झाले तेव्हा तार ओलांडली होती. एकतीसला त्या वावरात सव्वा मीटर आत उभ्या होत्या. आबांनी तिथे खुंटी ठोकली आणि म्हणाले, "तुमना कागदवर एकतीस लिखेल व्हतं ना? मंग एकतीसच धरा."

मी म्हटलं, आबा, असं नका करू. पीक उभं आहे. मग खाली बघितलं. वावरभर कपाशी वीतभर आली आहे, पण तारेलगतच्या सव्वा मीटरात एकही रोप नव्हतं. तेवढी जागा त्यांनी यंदा लावलीच नव्हती. लागवड मे महिन्यात झाली. म्हणजे मी त्यांच्या दारात पट्टी घेऊन गेले त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी हे ठरवलं होतं, आणि महिनाभर मला पत्ता लागू दिला नाही. मुलींसमोर मी डोळे पुसले आणि काही लपवलं नाही.

रुपचंदसाहेबांनी पुरवणी बक्षीसपत्राचा मसुदा लिहून दिलाय. नकाशा सुधारून माझ्या खोलीला दुसरी खिडकी देता येईल, असं तेही म्हणतात. मला नको. त्या पट्ट्यात आम्ही निंब लावणार, बारा जणींचे बारा. जुनी मीटरपट्टी भिका चुलीत घालायला निघाला होता, मी घेऊन ठेवली. नव्या इमारतीत माझ्या टेबलामागच्या भिंतीवर ती लावीन, कापलेलं टोक वर करून.

भाऊ, माझ्या पहिल्या पत्रातली लांबी आता बरोबर आहे. चष्मा लावून तपासून घ्या.

तुमची लिला